दादाच्या वाट्याचा चहा

आत्या गेली आणि तिचं घर तीन भाचरांना आलं. त्यातला थोरला, दादा, कितीतरी वर्षांपूर्वी भांडून निघून गेला होता, तो पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. वकीलबाईंनी स्पष्टच सांगितलं, "तो हयात नाही असा अर्ज दोघांनी मिळून करा, नाहीतर त्याचा वाटा बाजूला ठेवा."

"माझा भाऊ जिवंत आहे," ताई म्हणाली, आणि वाटा खरोखरच बाजूला ठेवला. मागची खोली दादाची. एक खुर्ची, एक उशी दादाची. चहासुद्धा एकटीपुरता नाही, दादाच्याही वाट्याचा. रोज संध्याकाळी ती कप आत ठेवून दाराला कुलूप लावायची.

धाकटा मात्र मेटाकुटीला आला होता. भाड्याच्या एका खोलीत बायको, पोरं आणि वर सासूबाई! त्याने डोकं लढवलं. घरात दादाचं भूत आहे असं वाटलं, तर ताई अर्जावर मुकाट सही करेल आणि मागची खोली मोकळी होईल. मग तो रोज मागच्या खिडकीतून शिरायचा, चहा संपवायचा, खुर्ची भिंतीकडे वळवायचा आणि साळसूदपणे पुढच्या दाराने यायचा.

"कप रिकामा? ताई, दादाचा आत्मा तळमळतोय गं!"

"वेडा की काय तू? मेलेलं माणूस चहा पितं का?" ताईने डोळे पुसले. "तो येतोय रे. समोर यायला लाजतोय बिचारा."

तिने वकीलबाईंना बोलावणं धाडलं. वारस सापडला! डाव असा अंगाशी आलेला पाहून धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

दिवेलागणीला तिघं पुढच्या खोलीत बसले. चहा आत, किल्ली वकीलबाईंच्या हातात. घर चिडीचूप. तेवढ्यात आत खुर्ची सरकली.

"मांजर असेल," धाकटा म्हणाला. वकीलबाई किल्ली घेऊन उठल्या, तेव्हा त्याचा धीर सुटला. "ताई, मार हवं तर. चहा मी प्यायचो. खिडकीतून जाऊन."

ताई रागावली नाही, आणि तेच त्याला लागलं. "पण खिडकी तर मी काल खिळे ठोकून बंद करून घेतली. दादाच्या खोलीत चोरबीर शिरायला नको म्हणून."

वकीलबाईंनी कुलूप काढलं. खिळे जागच्या जागी होते. कप रिकामा होता आणि अजून कोमट होता. खुर्ची भिंतीकडे नव्हती, दाराकडे तोंड करून होती. उशीवर खळगा पडला होता आणि सगळे बघत असताना तो हळूहळू भरून आला.

वकीलबाई उंबऱ्यावरच थबकल्या. "मग... काय लिहू? हयात की मयत?"

ताईचा चेहरा उतरला होता. "तूच खरा ठरलास रे," ती धाकट्याला म्हणाली. "आणा बाई, करते सही."

"जिवंत आहे!" धाकटा किंचाळला. "ठणठणीत आहे आपला दादा! लिहा बाई, आधी लिहा!"

"आणि त्याचा वाटा?"

"द्या त्याला! खोली, खुर्ची, सगळं द्या!" ताईच्या पदराआड होत तो म्हणाला. "कमी पडलं तर माझ्यातलं घ्या, पण तो जिवंत आहे असंच लिहा!"