रंगनाथतात्यांचे पैलवान

रंगनाथतात्या दुरुस्त केलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात लगेच देत नाहीत. आधी ती काउंटरच्या काचेवर उभी करतात आणि म्हणतात, "उसाची ट्रॉली जाऊ द्या."

मग सगळ्यांनी थांबायचं. बारामती-इंदापूर रस्त्यावर, लासुर्ण्याच्या अलीकडे, रस्त्याला चिकटून तात्यांचं पत्र्याचं दुकान आहे. कारखान्याकडे डबल ट्रॉली निघाली की आधी पत्रा थरथरतो, मग काच, आणि मग काचेवरचा तो वीतभर प्लॅस्टिकचा पैलवान. ट्रॉली जाईपर्यंत तो पायावर उभा राहिला तर तात्या त्याला जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळून देतात. पडला तर परत आत. गिऱ्हाईक पुण्याहून आलेलं असो नाहीतर मुंबईहून, नियम एकच. गळीत हंगाम संपल्यावर कुणी आलं तर काम घेतात, पण माल देत नाहीत. "हंगाम सुरू झाला की या," म्हणतात. एकाने विचारलं, ट्रकवर भागणार नाही का? तात्या म्हणाले, "ट्रक घसरत जातो. ट्रॉली नाचत जाते. फरक हाय."

पैलवान हा तात्यांचा शब्द. शहाणी माणसं त्यांना अ‍ॅक्शन फिगर म्हणतात. आज चाळिशीला टेकलेल्यांच्या लहानपणी मिळायचे ते हात-पाय वळणारे बाहुले: दंड फुगलेले, कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या बंदूक. माळ्यावरच्या पेटीतून ते आता बाहेर निघतात तेव्हा कुणाचा अंगठा तुटलेला असतो, कुणी पिवळा पडलेला असतो, आणि बहुतेकांची कंबर गेलेली असते. कारण त्यांच्या पोटात एक रबर असतं. दोन्ही पाय त्या रबराने आतून ओढून धरलेले असतात. रबर कुजलं की पाय लोंबले. मूळ रबर आता कुठे मिळत नाही. तात्या त्या जागी ठिबकच्या नळीचं रबरी वायसर, म्हणजे वॉशर, कापून बसवतात. आमच्याकडे माणसाला एक वेळ डॉक्टर मिळणार नाही, पण ठिबकचं वायसर मिळतं.

तात्या मूळचे फवारणी पंप दुरुस्त करणारे. एका बागायतदाराचा मुलगा पंपाबरोबर आपला बाहुलाही घेऊन आला, तात्यांनी पंपाचंच रबर त्याच्या पोटात घातलं, आणि तिथून हे सुरू झालं. फळीवर रंगवलेलं आहे: "येथे पैलवान दुरुस्त करून मिळतील." तालमीतला एक खरा पैलवान खांदा धरून तिथे येऊन बसला होता. तात्यांनी खांदा चाचपला आणि सांगितलं, "तुमचं रबर चांगलं हाय. हाडवैद्याकडं जावा."

जगाकडे बघायची त्यांची तऱ्हा हीच. "आधी कंबर बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाचं स्थळ असो, बैल असो, नवीन बांधलेला पूल असो. एकदा सभेत एक पुढारी तावातावाने बोलत होते. तात्या शेजारच्याला म्हणाले, "हात लई हलतायत. म्हंजी कंबर गेली."

माझी त्यांची ओळख पत्रकांमुळे झाली. आमची छोटी संघटना आहे आणि आमची मागणी साधी आहे: वस्तू विकता तर ती दुरुस्त करायची सोयही द्या. मिक्सर उघडता येऊ नये म्हणून डिंकाने चिकटवायचा, मोबाइलचा सुटा भाग बाजारात येऊच द्यायचा नाही, आणि गिऱ्हाइकाने चौकशी केली की हसून सांगायचं, नवीन घ्या. ही लूट आहे, आणि ती आपण मुकाट्याने सोसतो. मोडलं की टाका, हा नवा धर्म झाला आहे. तो वस्तूंपाशी थांबत नाही, माणसांपर्यंत येतो. असं मी पत्रकात लिहिलं होतं. तात्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि विचारलं, "कागद कुठला हाय?"

"म्हणजे?"

"गुळगुळीत हाय. चांगला हाय. दोन-चार ठेवा."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवाल्या बाई.

यंदा हंगामात मी त्यांच्या दुकानात पुष्कळदा गेले, आणि दर वेळी ते एकच करताना दिसले. डावा तळवा समोर धरायचा आणि त्यावर उजवा अंगठा घासत राहायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी अंगठा चालूच. तंबाखू मळण्याची ही रीत आमच्या भागात सांगावी लागत नाही. या वयात हे नवीन व्यसन. मी सरळ सुनावलं. तोंडाच्या कॅन्सरची चित्रं असलेलं आमचं पत्रकही दिलं. तात्यांनी शांतपणे घेतलं, चित्रं बघितली, कागद बोटात धरून पाहिला आणि म्हणाले, "हा तर त्या दुसऱ्यापेक्षा झकास हाय."

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? तरी मी रागावले.

मग आमचा मेळावा ठरला. बारामतीला, रविवारी दुपारी. शिंपी, घड्याळवाले, मोटार वाइंडिंगवाले, सगळे दुरुस्ती करणारे एका मंचावर. तात्यांनी बोलावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, "रविवार सोडून कधीबी सांगा." मी म्हटलं, लोकांना सुट्टी रविवारीच असते. "मलाबी," ते म्हणाले आणि पुढचा पैलवान उचलला. मी त्यांना न विचारता पत्रकावर त्यांचं नाव छापलं. येतील, असं मी धरून चालले होते.

रविवारी सकाळी मी एसटी स्टँडवर खुर्च्यावाल्याला गाठायला गेले, तर फलाटावर तात्या उभे. स्वच्छ पांढरा सदरा, हातात हत्यारांची पिशवी. मला वाटलं, मेळाव्यालाच आले. मी आनंदाने पुढे झाले.

"कोऱ्हाळ्याची गाडी रद्द झाली," तात्या म्हणाले. "तुमची स्कूटर हाय न्हवं?"

"तात्या, मेळावा आहे."

"दुपारी हाय. आता सकाळ हाय. चला."

कोऱ्हाळे बुद्रुक काही शेजारी नाही. पण त्यांचा आवाज रोजचा नव्हता. दोन गाड्या बदलून हा माणूस दर रविवारी तिकडे जातो, हे मला त्या फलाटावर कळलं. मी सहकाऱ्याला फोन करून दुपारपर्यंत येते म्हणून सांगितलं आणि तात्यांना मागे बसवलं. ते पिशवी मांडीवर आणि एक हात सदऱ्याच्या खिशावर ठेवून बसले. खड्डा आला की मला धरायचं सोडून खिसा धरायचे.

वाटेत, माझ्या पाठीशी बोलावं तसं, त्यांनी सगळं सांगितलं.

कोऱ्हाळ्याला दिलीप राहतो. वय चाळिशीचं. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि बोलणं थांबलं ते थांबलंच. तापाच्या आधी वडिलांनी आणून दिलेला एक पैलवान त्याच्या उजव्या हातात असतो. जेवताना, झोपताना, सदा. अंगठ्याने त्याचं नाक घासत बसायचं, हाच त्याचा दिवस. वडील वारले. काही वर्षांपूर्वी पैलवानाची कंबर गेली, पाय गळाले, आणि दिलीपने जेवण सोडलं. आई त्याला घेऊन तात्यांच्या दुकानात आली. तो पैलवान सोडीना. तात्यांनी त्याच्या मुठीतच पैलवानाचं पोट उघडलं आणि मुठीतच मिटवलं.

"आणि ट्रॉली?" मी विचारलं.

"ट्रॉली आली तसा तो कानावर हात ठिवून ओरडाय लागला. मी त्येच्या आईला म्हणलं, वैनी, तुमी नका येत जाऊ. मी येतो."

तेव्हापासून एक हात बदलला, पाय बदलले, छाती बदलली. पण एका वेळी एकच. बाकीचा पैलवान दिलीपच्या मुठीत राहील अशा बेताने. एकदा नातेवाइकांनी हुबेहूब नवा बाहुला मिळवून आणला. दिलीपने त्याच्या नाकावरून अंगठा फिरवला आणि तो गोठ्यापुढच्या हौदात फेकून दिला. त्याच नातेवाइकांचं म्हणणं, दिलीपलाही कुठेतरी नेऊन ठेवावं, वहिनी किती दिवस करणार. हे सांगताना तात्या थुंकले. स्कूटर चालू होती, त्यामुळे त्यातलं थोडं त्यांच्याच पांढऱ्या सदऱ्यावर आलं.

"आता डोकं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "मानंपास्नं कानापतूर चीर गेलीय. ह्या पावसाळ्यात निघंल."

त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि खिशातून चिंधी काढली. आत पैलवानाचं डोकं होतं, सुपारीएवढं. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाकडून मागून घेतलेलं. त्याला नाक नव्हतं. नाकाच्या जागी एक गुळगुळीत, काळसर उतार होता.

"नाक धारदार हुतं. हंगामभर घासतोय. अंगठ्यानं आनि तुमच्या त्या कागदानं."

म्हणजे त्या तळव्यावर तंबाखू नव्हतीच.

"हे त्यानं फेकलं तर दुसरं न्हाय," तात्या म्हणाले. "चला."

दिलीपच्या घरापुढे भेंडीचा ढीग होता. सुमनवहिनी, त्याची आई, बाजारासाठी भेंडी निवडत बसल्या होत्या. दिलीप ओट्यावर होता. केस विंचरलेले, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. तात्या दिसताच त्याने पैलवान धरलेली मूठ पुढे केली. सोडली नाही, फक्त पुढे केली.

"रविवार त्याला कळतो," वहिनी मला म्हणाल्या. "कसा, ते इचारू नका."

"वैनी, तांब्याभर कडक पाणी," तात्या म्हणाले. "आज डोकं."

वहिनींच्या हातातली भेंडी तशीच राहिली. मग त्या उठल्या.

तात्या दिलीपसमोर गुडघ्याला गुडघा लावून बसले. गरम पाण्यात फडकं बुडवून पैलवानाच्या मानेला शेक देऊ लागले. प्लॅस्टिक मऊ पडावं म्हणून हे करतात. तोंडाने हळूहळू चालू होतं, "काय न्हाय, काय न्हाय. मालिश हाय. तालमीत करत्यात तशी." त्यांनी डोक्याला पीळ दिला. चीर एकदम कानापलीकडे गेली आणि डोकं दोन फाकांत त्यांच्या हातात आलं.

आता मागे जायची वाट नव्हती.

दिलीपने मुठीतल्या बिनडोक पैलवानाकडे पाहिलं. त्याच्या घशातून एक बारीक आवाज निघाला आणि चढू लागला. तात्यांनी खिशातलं डोकं मानेवर दाबलं. पहिल्यांदा बसलं नाही. पुन्हा दाबलं. बसलं. त्यांनी हात मागे घेतले आणि मांडीखाली धरले.

दिलीपचा अंगठा नाकावर गेला. थांबला. त्याने पैलवान नाकाशी नेऊन हुंगला. वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. अंगठा पुन्हा नाकावर आला, एकदा खाली गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली. आवाज उतरत गेला. मग अंगठा आपल्या रोजच्या चालीला लागला आणि दिलीप तात्यांच्या डोक्यावरून रस्त्याकडे बघू लागला, जसं काही झालंच नव्हतं.

वहिनी खाली बसल्या. तात्यांनी जुन्या डोक्याच्या दोन फाका उचलून वहिनींच्या हातात दिल्या. वहिनींनी त्या पदराच्या टोकात बांधल्या.

मग चहा आला. माझा फोन खिशात सारखा थरथरत होता. मंच लागला असेल, खुर्च्या आल्या असतील. मी तो बंद केला.

"झालं वैनी," तात्या म्हणाले. "आता आख्खा नवा हाय. रबर घट्ट, मान घट्ट. आपल्या हयातीत काय व्हत न्हाय त्याला." हे त्यांनी अभिमानाने म्हणायला सुरुवात केली होती, पण वाक्य संपेपर्यंत आवाज खाली आला. ते हत्यारं पिशवीत भरू लागले. एक पाना दोनदा पुसला. लासुर्ण्याला त्यांच्या दुकानामागे एक खोली आहे. बायको गेल्यापासून त्या खोलीत ते आणि दुरुस्त न होणाऱ्या पैलवानांच्या हाता-पायांचा डबा, एवढेच असतात. रविवारी दुकान बंद असतं.

वहिनी भेंडी निवडायला बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, दिलीपजवळ गेल्या आणि पैलवानाचा पाय दोन बोटांत धरून हलवला.

"तात्या, ह्यो पाय जरा ढिला वाटतोय."

मी शेजारीच होते. पाय जागचा हलला नव्हता. त्या पोटातलं वायसर तात्यांनी स्वतः बसवलेलं होतं, आणि आपला सांधा कुणी ढिला म्हटला तर हा माणूस गिऱ्हाइकाला दुकानाबाहेर काढतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तात्या उठले. वाकून पाय पाहिला. एकदा वहिनींकडे पाहिलं. वहिनी परत भेंडीपाशी गेल्या होत्या आणि मान खाली घालून जून भेंडी बाजूला काढत होत्या.

"व्हय," तात्या म्हणाले. "हाय जरासा."

"मग रविवारी बघा. जेवायलाच या, म्हंजी घाई व्हायची न्हाय."

तात्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बशीत उरलेला चहा, तो केव्हाच गार झाला होता, फुंकर घालून प्यायला सुरुवात केली.