डबल बेल

पिलाटीजचा व्यायाम शिकवायच्या पहिल्याच सकाळी धाकटीचा आवाज बसला. बसला म्हणजे पुरता बसला. घशातून नुसती हवा. आजचा वर्ग आवडला तरच लोक उद्या येणार, आणि लोक आले तरच हा हॉल तिच्याकडे राहणार.

"मी आहे ना," बाबा म्हणाले. त्यांची सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून गेलेली. "तू करून दाखव, मी ओरडतो. एक ठोका, थांबा. दोन ठोके, चालू. आपली बेल."

तिघं आले. मान आखडलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. गुडघ्यांना समजावत चालणाऱ्या आजी. आणि एक पैलवान.

"नाजूक माणसांचं काम हे," पैलवान दारातच म्हणाला. "बायकोनं पाठवलं म्हणून आलो."

धाकटी बाबांच्या कानाशी कुजबुजली. बाबांनी पुकारा केला.

"आजी, दाराजवळची खुर्ची तुमची. बसूनच करायचं. डॉक्टरीणबाई, मानेखाली टॉवेल घ्या. पैलवान, सपाट झोपा. ज्याला झेपेल तेवढंच. चला, पोट आत सरकवा, आत भरपूर जागा आहे."

धाकटीने लाकडी ठोकळा जमिनीवर आपटला.

ठक ठक.

पाय वर. श्वास आत, श्वास बाहेर. डॉक्टरीणबाईंची मान सैल पडू लागली, पैलवानाच्या मांड्या थरथरू लागल्या. जमतंय, जमतंय! धाकटीला आनंद मावेना, आणि त्यातच खोकल्याची उबळ आली. ती पाणी प्यायला बाहेर पळाली. मागे दार खट्कन लागलं. फक्त आतून उघडणारं दार.

तिने हाक मारली. हवा.

मग तिने दार वाजवलं, कुणीही वाजवेल तसं.

ठक ठक.

"डबल," दाराकडे पाठ असलेले बाबा म्हणाले. "पुन्हा पाय वर."

ठक ठक. ठक ठक.

"पुन्हा. पुन्हा."

डॉक्टरीणबाईंनी झेपेल तेवढं करून केव्हाच पाय खाली घेतले होते. पैलवानाची तशी सोय नव्हती. समोर खुर्चीत आजी अजून पाय उचलत होत्या.

"काका, ती थांबायची बेल कधी असते हो?" पैलवानाने धापा टाकत विचारलं.

"वाजली की असते."

बाहेर धाकटी रडकुंडीला आली. दोन्ही मुठी दारावर आपटणार, तोच आतून बाबांचं "डबल" कानावर पडलं. तिने एक मूठ खाली घेतली.

ठक.

आत सगळं धप्पकन खाली आलं.

आजींनी उठून दार उघडलं. "मला वाटलं, बाहेरून लक्ष ठेवतेयस, बाई."

धाकटी मान खाली घालून आत आली. संपलं सगळं. पैलवान घामाच्या थारोळ्यात, छताकडे बघत.

"उद्या किती वाजता?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिचा आवाज खणखणीत परतला होता. तिघं वेळेआधीच हजर. शेजारी चटईवर बाबा.

"सुरू करूया," धाकटी म्हणाली.

कुणी हललं नाही. सगळे दाराकडे बघत राहिले.

धाकटीने सुस्कारा सोडला, मुकाट्याने बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

ठक ठक.