कॅमेऱ्याचा जीव

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कॅमेऱ्यातलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी छातीठोकपणे सांगतो. आणि विशेष म्हणजे हे सगळं ज्ञान मी कॅमेरा विकत घ्यायच्या आधीच मिळवलं होतं. गणपतीपासून शिमग्यापर्यंत मी नुसता अभ्यास केला. जेवताना व्हिडिओ, दाढी करताना व्हिडिओ, साहेब रजेवर असले तर ऑफिसातही व्हिडिओ! शेवटी शेवटी तर ताटातल्या आमटीकडे बघून मी 'एक्स्पोजर कमी पडलंय' असं म्हणालो. माझ्या बायकोने, अनुजाने, दुसऱ्या दिवशी आमटीच केली नाही.

आता तुम्ही विचाराल, हातात मोबाईल असताना कॅमेरा कशाला? अनुजानेही हेच विचारलं होतं. त्याला कारण होतं. माझ्या आईबाबांच्या लग्नाचा एकही फोटो नाही!

म्हणजे फोटो काढले नव्हते असं नाही. बाबांचे गिरणीतले जोडीदार रमाकांतकाका कुणाचा तरी कॅमेरा मागून घेऊन आले होते. "विठोबा, फोटोग्राफर कित्याक? मी आसय ना!" असं म्हणून त्यांनी अक्षता पडल्यापासून वरात निघेपर्यंत फोटो काढले. आणि कॅमेऱ्यात रोल घातलाच नव्हता!

तेव्हापासून आमच्या घरात भांडण कुठूनही सुरू होवो, मुक्कामाला इथेच यायचं. आमटीत मीठ जास्त झालं असं बाबा म्हणाले, की आई सुरू व्हायची.

"दिवसभर खटॅक खटॅक करत होतो मेलो! हसान हसान माझे गाल दुखले, आणि आत रोलच नाय! ह्येंचो दोस्त!"

'ह्येंचो दोस्त' आलं की बाबा मुकाट्याने चपला घालून खाली उतरायचे. रमाकांतकाका घरी आले तर त्यांना चहा मिळायचा, पण बिस्कीट कधी मिळालं नाही.

लग्नाला पन्नास वर्षं व्हायला आली तेव्हा बाबांनी मला गॅलरीत एका बाजूला घेतलं. "दिनेश, चाळीच्या हॉलात परत एकदा हार घालूया म्हणतंय. फोटो तू काढ. एकच काढ, पण चांगलो काढ. मगे मी सुटलंय."

पंचाहत्तरीतला बाप असं म्हणतो तेव्हा नाही कसं म्हणणार हो! मी म्हटलं, "बाबा, एक काय, शंभर काढतो! मी काय रमाकांतकाका आहे?"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतोय.

तर कॅमेरा निवडायचा होता. आमच्या ऑफिसातला गौतम लग्नाचे फोटो काढतो, म्हणून त्याला विचारलं. तो हसायलाच लागला.

"डीएसएलआर? अरे, आता सगळे मिररलेस घेतात! आवाज नाही, वजन नाही!"

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई भडकली. "आवाज नाय? मगे फोटो काढलो ह्या माका कसा कळतला? आवाज होयोच!"

झालं! सगळ्या अभ्यासाचा निकाल आईने एका वाक्यात लावला. डीएसएलआर ठरला. गौतमने हात टेकले, पण जाता जाता एक सल्ला दिला. "निदान लेन्स तरी फिक्सवाली घे. माणूस कसला उठून दिसतो, मागचं सगळं धूसर!"

"आणि झूम?"

"झूम पायांनी करायचा. मागे जायचं, पुढे जायचं."

गौतम राहतो विरारला, तीन खोल्यांत. माझी खोली दहा बाय बारा. हा फरक त्यावेळी ना त्याच्या लक्षात आला, ना माझ्या.

फोर्टातल्या दुकानात मी एकटाच जाणार होतो. निघालो तेव्हा आईबाबा तयार होऊन दारात उभे! आणि जिन्यात शेवंतीमावशी. ही आमच्या खालच्या मजल्यावर राहते, माहेरची कोळीण, बाजारात मासे विकते. घासाघीस करायची असली की अख्खी चाळ तिलाच घेऊन जाते. तिच्याशिवाय आमच्याकडे फ्रिज आला नाही, गादी आली नाही, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नाची अंगठीही आली नाही.

दुकानदाराने काचेवर तीन कॅमेरे मांडले. मी घसा साफ करून सेन्सरबद्दल पहिला प्रश्न विचारणार, तोच आईने तिन्ही कॅमेरे एकेक करून तळहातावर तोलले आणि मधल्यावर बोट ठेवलं. "ह्यो. जड हा. टिकतलो."

मावशीने तो उचलला, उलटा केला, झाकण उघडून आत नाक घातलं. "माल ताजा हाय ना रं दादा? का मागचा काढून दाखवतो?"

"मावशी, सीलबंद आहे!"

"सगलेच सांगतान. बरं, वर काय घालशील?"

पापलेटावर दोन बोंबील घालावेत तसं तिला कॅमेऱ्यावर काहीतरी हवं होतं. दुकानदाराने बॅग दिली. मावशी हलली नाही. पुसायचं फडकं दिलं. मावशी तिथेच. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. शेवटी त्याने वैतागून एक मेमरी कार्ड काढलं, स्वतःच्या हाताने कॅमेऱ्यात घातलं आणि हात जोडले. मावशीनेही हात जोडले.

हार घालायचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशीच होता. मला घरी येऊन सराव करायचा होता. पण आमच्या कोकणी घरात नवी वस्तू देवाला दाखवल्याशिवाय वापरायची पद्धत नाही! आईने पाट मांडला. "सगळा सुटा करून ठेव. झाकलेल्या वस्तूक कुंकू लागणा नाय."

मी सगळं सुटं केलं. आई हळदकुंकू लावत चालली. लेन्सच्या काचेपाशी बोट आलं तेव्हा मी किंचाळलो, "आई, काच नको!" मग तिने कॅमेऱ्याच्या कपाळावर ठसठशीत टिळा लावला. कॅमेरा एकदम घरचा दिसायला लागला.

"आणि ही टिकली कसली?" तिने नखाएवढं कार्ड उचललं.

मी शिकवायची संधी कधी सोडत नाही. "आई, सगळे फोटो ह्याच्यातच राहतात. हा कॅमेऱ्याचा जीव आहे, जीव! हे हरवलं की संपलं!"

आईचे डोळे मोठे झाले. तेवढ्यात बाबांनी देवापुढे गाऱ्हाणं सुरू केलं आणि दारात जमलेली चाळ साथीला उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरान ह्यो कॅमेरो हाडलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"मागच्या टायमाक जा काय झाला, ता आता परत होव नये..."

"व्हय म्हाराजा!" ह्यात आईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

नारळ फुटला, खोबरं वाटलं, पोरंटोरं कॅमेऱ्याला हात लावायला धावली. मी घाईघाईने सगळं जोडलं आणि सरावाला लागलो. खटॅक! काय तो आवाज! फोटो मागच्या पडद्यावर दोन क्षण झळकायचा आणि जायचा. कोपऱ्यात काहीतरी लाल अक्षरं लुकलुकत होती. घड्याळ लावायचं राहिलं असेल, असं मी समजलो. माहितीपुस्तक जाड होतं. ते वाचायचं मी सवडीवर ठेवलं. एक मात्र कळलं, की आमच्या खोलीत गौतमने सुचवलेल्या त्या लेन्समध्ये एका वेळी एकतर आई मावते नाहीतर बाबा. दोघांना एकत्र घ्यायचं तर मला शेजारच्यांच्या मोरीत उभं राहावं लागेल!

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये आईबाबांना मुंडावळ्या बांधल्या. आईने ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती आणि बाबा दाढी करून असे बसले होते की जणू आज निकाल लागणार आहे. मागे एका कोपऱ्यात रमाकांतकाका अंग चोरून उभे होते.

मी पहिलं काम काय केलं असेल? सगळ्यांचे मोबाईल जमा केले! "कुणीही मध्ये मध्ये फोटो काढायचे नाहीत! तुमच्या फ्लॅशने माझा लाईट बिघडतो!" अनुजा सूप घेऊन फिरली आणि चाळीचे सगळे मोबाईल त्यात गोळा झाले. शेवंतीमावशी म्हणाली, "माझा घरी राहिला." तिच्या पदराखालचा चौकोन मला दिसला नाही, ही देवाचीच कृपा.

मग मी सुरू झालो. "बाबा, मान वर! आई, हार हळू! परत घाला, बाबांचे डोळे मिटले!" हार पाच वेळा घालून घेतला. फुलं गळून शेवटी नुसता दोरा राहिला. "आई, हस!" आई हसली. "अजून हस!"

"अरे, गाल दुखले रे माझे!"

सगळे हसले. बाबा सोडून.

आता सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. लेन्समध्ये कुणी मावेना. म्हणून पायांनी झूम करत मी मागे सरकलो. अजून मागे. भिंत लागली म्हणून दारातून बाहेर. "दिनेश, मागे बघ!" अनुजा ओरडली. मी म्हटलं, "फोटोग्राफरने समोर बघायचं असतं!" आणि मठ्ठ्याच्या पातेल्यात बसलो.

पण कॅमेरा हातात उंच धरून ठेवला होता, बरं का! कलाकार बुडाला तरी चालेल, कला भिजता कामा नये. निथळत उठलो, तो फोटोही खटॅक करून घेतला आणि विजयी मुद्रेने आत आलो. "या सगळे! बघा आता फोटो!"

चाळ माझ्याभोवती जमली. मी बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा. खाली तीच लाल अक्षरं. ह्यावेळी मी ती वाचली. कार्ड नाही!

मी बटणं दाबत राहिलो. गर्दीतून रमाकांतकाका पुढे आले. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच त्यांना सगळं कळलं असावं. ह्या चेहऱ्याची ओळख पृथ्वीवर त्यांच्याइतकी कुणाला असणार? अगदी हळू, कानाशी येऊन त्यांनी विचारलं, "बाळा... आत काय घातलेलंस काय?"

हळू विचारलं तरी हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. बाबा मुंडावळ्यांसकट मटकन खुर्चीत बसले. तो चेहरा मला बघवेना. एकच फोटो मागितला होता माणसाने!

"खय गेला ता कार्ड?" आईने विचारलं.

"काल पूजेला काढून ठेवलं होतं... पाटावर..."

आईचा हात सावकाश तोंडावर गेला. "अगो बाय माझे!" ती म्हणाली. "ता माझ्याकडे हा! तूच सांगलंस, ह्यो कॅमेऱ्याचो जीव. मी म्हटलंय, जीव आसा तर देवाकडेच बरो. डबयेत अक्षता घालून देव्हाऱ्यात ठेवलंय!"

आई बाबांकडे बघत होती, बाबा आईकडे. पन्नास वर्षं चाललेला खटला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आता फिर्यादीच उभी! बाबांच्या मिशा थरथरल्या. मला वाटलं, रडतात आता. आणि बाबा हसले! तोंड उघडून, डोळे मिटून, दातांच्या सगळ्या फटी दाखवत! त्यांना बघून आई सुटली, खुर्चीचा हात धरून वाकून वाकून हसायला लागली. रमाकांतकाका एकाच वेळी हसत आणि डोळे पुसत होते. "वैनी, मी एकटो नाय!" एवढंच म्हणत होते.

"भावजी," आई धापा टाकत म्हणाली, "जिलबी घेतल्याशिवाय जाव नका!"

त्या क्षणी माझ्या मागून एक बारीकसा आवाज आला. शेवंतीमावशीने पदराखालून मोबाईल काढला होता.

मी पळत जाऊन कार्ड आणलं, अक्षता झटकल्या, कॅमेऱ्यात घातलं. पण हाराचा दोरा झाला होता, आणि आईने सांगून टाकलं, "आता तिसऱ्यांदा लगीन लावूचा नाय!" जेवणाचे फोटो मात्र मी काढले. उत्तम आले. मागचं सगळं धूसर, जिलबी काय उठून दिसते!

भिंतीवर लावलाय तो मावशीचा फोटो. मोबाईलच्या काचेला माशाचा हात लागला असणार, कारण सगळ्यांभोवती एक अंधूक उजेड पसरलाय. मधोमध आईबाबा हसतायत, बाजूला रमाकांतकाका. मावशीचे उपकार मी ह्या जन्मात फेडू शकत नाही. मी सांगितलेलं न ऐकणारं एक माणूस आपल्या चाळीत आहे, याबद्दल देवाचेही आभार मानतो. बाबा रोज सकाळी चहा पिताना त्या फोटोकडे बघतात. आमटीत मीठ जास्त झालं तर आता बिनधास्त बोलतात. रमाकांतकाकांना बिस्कीट मिळतं, तेही क्रीमचं.

फोटोच्या डाव्या बाजूला मात्र मी आहे. पाठमोरा. मोबाईलने फोकस नेमका माझ्या पॅंटवरच्या मठ्ठ्यावर धरलाय, कोथिंबिरीचं पानन् पान मोजून घ्या! अनुजा म्हणाली होती, तेवढा भाग कापून टाकू. बाबा म्हणाले, "रवांदे. मागच्या टायमाक फोटोग्राफर होतो, फोटो नव्हतो. ह्या टायमाक दोनय आसत."

घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो फोटो बघून थबकतो. "वा! काय सुंदर फोटो आहे! कुठला कॅमेरा?"

मी बोटाने दाखवतो. तो काय, फोटोतच, माझ्या खांद्याला लटकतोय. कपाळावर कुंकू असलेला.