अंगाई-दिव्याच्या मोहिमेची हकीकत

श्रीशारदा समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मासी, सीवूड्स मुक्कामीच्या अखंडसौभाग्यवती गीतांजलीबाई, इलेक्ट्रॉनिक्स व कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या अखेर सालच्या विद्यार्थिनी, यांणीं प्रोजेक्टाची मोहीम कैसी फत्ते केली, ते साद्यंत लिहितों.

बाईंस कन्या जाई झाली, तिजपायी एक साल खर्ची पडले, आणि आता हार खावी तर पदवी आणखी एक साल लांबणार, ऐसा पेच. मग बाईंनी कन्येस्तवच एका डब्यांत अंगाई-दिवा सिद्ध केला. डब्याच्या कपाळी मसुराएवढा सेन्सर. त्यास अंधार दिसतां दिवा लागावा, उजेड दिसतां विझावा. घरी दहा वेळां आजमावला, दहाही वेळां इमानास जागला.

मोहिमेच्या सकाळी सासूबाई, मातुश्री सुनयनाबाई, नातीस न्हाऊमाखू घालून तुपाच्या काजळाची डबी उघडून बसल्या होत्या. बाईंनी हुकूम सोडले की जाईस मऊ भात भरवावा, आणि पंखा दोनावर ठेवावा, आणि साधी शिंक आली तरी फोन करावा. त्यावर मातुश्रींचे फर्मान जाहले, "तू नीघ गं! टेन्शन घेऊ नको. जाईचं मी बघते, डब्याचंपण मी बघते." आणि डबा स्वहस्ते पिशवीत घालून रवाना केला.

नेरुळास कॉलेजच्या लॅबेत बाहेरचे परीक्षक हौसेराव सर खासे खुर्चीनशीन होते. बाईंनी करंट दिला तों आठ ट्यूबलाइटींच्या उजेडांत दिवा लख्ख पेटला, आणि विझेना. वायरी तपासिल्या, मग कोड तपासिला, मग मध्येच घरून फोन आला काय तेही तपासिले. दिवा जळतो तो जळतोच.

हौसेराव वदले, "मॅडम, दिवसाढवळ्या लाइट चालू? हा तर आमच्या सोसायटीच्या जिन्यातला बल्ब झाला."

तमाम लॅब हांसली.  बाईंनी मोबाइलचा टॉर्च सेन्सरासमीप नेला, तों वर काळाकुट्ट ठिपका. सोल्डरिंगचा डाग म्हणावा, तर वास तुपाचा! मग उमगले, की मातुश्रींनी नातीस तीट लाविली तैसीच डब्यासही, दृष्ट लागू नये म्हणोन, आणि नेमकी डोळ्यावरच.

बाईंनी ओढणीचे टोक जिभेस लावून, जाईचा गाल पुसतात तैसा सेन्सर पुसिला. दिवा विझला. सरांनी तळवा धरिला, लागला, काढिला, विझला.

"फॉल्ट काय होता?"

"सर, तीट."

हौसेरावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पासाचा शेरा दस्तुरखुद्द लिहिला.

सायंकाळी डबा पाळण्यापाशी टांगिला, आणि बाईंनी स्वहस्ते त्यास तीट लाविली. स्विचाच्या पाठीमागे, म्हणजे कानामागे. येणेंप्रमाणे फत्ते जाहली, ती दप्तरी नमूद असे.