जिन्यावरची बँक

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखनाचं तर बोलायलाच नको. चौथीनंतर पेन्सिल हातात आली ती वाण्याच्या यादीपुरती. तेवढं सांभाळून घ्यावं.

आमच्या चंदीगडच्या क्वार्टरमध्ये वानखडे सर गणित घातल्याशिवाय कुणाला जिना चढू देत नसत. सर अमरावतीकडचे. शाळेत नववी-दहावीला गणित शिकवायचे आणि आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. अख्ख्या जिन्यावर त्यांनी खडूनं आकडे घातले होते. आमच्या दारासमोर शून्य, वर अधिक, खाली उणे. साबणाच्या वडीचे दोन फासे कापले होते. पांढऱ्यानं वर जायचं, लाल फाशानं खाली. लाल रंगासाठी कुंकू माझ्याकडूनच नेलेलं.

बिल्डिंगमधली पोरं खेळायची. शून्याखाली उतरलं की सर पायरीमागे बाटलीचं एक झाकण कर्ज देत, चढताना ते परत करायचं. कर्ज फिटल्याशिवाय घरी जायचं नाही. एका झाकणासाठी सर पोरांच्या आयांशीही भांडत.

एकदा भाजी घेऊन येताना मी सापडले.

"वहिनी, उणे तीनवर उभ्या आहात. दोन चढल्या तर कुठं?"

शून्याच्या खाली आकडे असतात, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं.

"उणे म्हंजे वाईट नाही बाप्पा," सर म्हणाले, "फक्त खाली."

मी तिथंच बसून मटार सोलले. हे ऑफिसातून आले, त्यांनी उत्तर दिलं, तेव्हा घरात पाय पडला.

ते दिवस दहशतवादाचे होते. एके दुपारी एकाएकी कर्फ्यू लागला. तळमजल्यावरच्या सिम्मीचे वडील रोडवेजचे ड्रायव्हर, सकाळी लुधियान्याची बस घेऊन गेलेले. बस अडवून माणसं उतरवतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. सिम्मीची आई फाटकाशी उभी होती. सरांनी पोरांना हाका मारून खेळ मांडला.

संध्याकाळपर्यंत एकेक पोरगं कर्ज फेडून घरी गेलं. सिम्मी मात्र शून्यावर आली की सर काहीतरी काढत. आधी व्याज राहिलं म्हणून दोन पायऱ्या खाली. मग बँकेचा नियम बदलला म्हणून चार.

"सर जी, ये बेईमानी है," सिम्मी चिडून रडकुंडीला आली.

बँकेत असंच असतं, सर शांतपणे म्हणाले आणि लाल फासा तिच्या हातात दिला. मी चहा घेऊन उभी होते. मनात म्हटलं, किती छळावं एखाद्या पोरीला. मग पाहिलं, सर फाशाकडे बघतच नव्हते. जिन्याच्या जाळीतून त्यांची नजर फाटकावर होती.

अंधार पडता पडता पोलिसांची जीप थांबली. सिम्मीचे वडील उतरले, पगडी धुळीनं भरलेली. सिम्मी फासा टाकून धावली. जिन्यावर सर एकटेच उरले. चहा निवून गेला तरी त्यांनी घेतला नाही.

थोड्या वेळानं सिम्मी वडिलांचा हात धरून वर आली. सरदारजींनी ओंजळभर झाकणं सरांपुढे धरली. "मास्टरजी, गिन लो. ब्याज भी है."

सर मोजायला लागले. चारपर्यंत गेले, परत एकपासून धरलं. पुन्हा चुकले. शेवटी सगळी झाकणं डब्यात ओतून त्यांनी झाकण लावलं.

"फिटलं बाप्पा," ते म्हणाले. "सगळं फिटलं."