वसुधाबाईंची ठाणेस्वारी

ही हकीकत जैसी घडली तैसी, पदरचे एक अक्षर न घालता लिहिली असे. जेथे घातले, तेथे गरज होती.

बोरिवली प्रांती वसुधाबाई, पालिकेच्या आवक-जावक टेबलाच्या निवृत्त सरलष्कर, सकाळी भेंडी घेऊन नाल्यावरील पुलावर आल्या आणि नात इरावती हिच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओ पाहत उभ्या राहिल्या, तों दुचाकीवरून दोघे गनीम चालून आले आणि हातचा मोबाइल हिसकावून पसार जाहले. त्या व्हिडिओची दुसरी प्रत कोठेही नव्हती. घरी येताच यजमान श्यामकांतराव म्हणाले, जाऊ दे गं, नवा घेऊ. मग त्यांस घराच्या रखवालीस ठेवून बाईंनी, भेंडीची पिशवी हातीच, पुलाच्या अलीकडचे पोलीस ठाणे गाठिले.

तेथील हवालदार भीमराज यांनी खुर्ची दिली, पंखा लाविला आणि फर्माविले की पूल पलीकडच्यांचा. मग बाई पलीकडे गेल्या. तेथे फर्मान जाहले की कठडा तेवढा आमचा, रस्ता अलीकडच्यांचा. मोबाइल कठड्यावर होता काय? नव्हता. ऐशा तीन फेऱ्या जाहल्या, भेंडी कोमेजली आणि पुलावरचा नारळपाणीवाला ओळख दाखवू लागला.

चौथ्या स्वारीस बाईंनी बजाविले की हद्द कोणाचीही असो, जबरी चोरीची फिर्याद आधी लिहून घेणे, शून्य क्रमांक घालणे आणि मग पाठवावयाची तिकडे पाठविणे, ऐसा कायदा असे. भीमराज हसून बोलिले, "मावशी, कायदा आता आम्हालाच शिकवणार ना?"

तेव्हा बाईंस आपली तीस वर्षांची चाकरी स्मरली. 'हे टेबल आमचे नव्हे' म्हणोन त्यांनी हजारोंस परत धाडिले होते, तोंडी. लेखी एकासही नाही. मग त्यांनी पिशवीतून दोन कोरे कागद काढिले, मध्ये कार्बन सारिला आणि म्हणाल्या, "बरं, नाही म्हणताय तेच लिहून द्या. तारीख, सही, शिक्का. पोच मी ठेवते."

भीमराजांनी पेन उचलिले, परत ठेविले, चहा मागविला. मग आत साहेबांस वर्दी गेली आणि आज्ञा जाहली की नकार लिहिण्यापेक्षा गुन्हा लिहा.

दोन प्रहरी फिर्याद शून्य क्रमांकाने दाखल जाहली, बाईंनी एकेक रकाना स्वतः भरवून घेतला आणि प्रत फुकट पदरात पाडली. फत्ते जाहली. चोर सापडताच फोन करू, ऐसा साहेबांनी शब्द दिला.

संपर्काच्या रकान्यात बाईंनी तोंडपाठ असलेला एकुलता एक नंबर सांगितला आहे. तो चोरीस गेलेल्या मोबाइलचा आहे.