खंड्या कुणी पळवला?

माझ्या नजरेतून मुंगीही सुटत नाही. परवा साखरेच्या डब्यातल्या सगळ्या सुटल्या, पण तेव्हा मी चष्मा लावला नव्हता. मी खाजगी गुप्तहेर. कचेरी ताईच्या घरी, खिडकीजवळच्या खुर्चीत. भावोजी माझ्या व्यवसायाला 'सध्या काही करत नाही' असं म्हणतात. घरच्यांना घरच्या माणसाची किंमत नसतेच.

रोज सकाळी मी गस्त घालतो. उघडं दिसेल ते बंद करायचं, हे सुरक्षेचं पहिलं सूत्र. त्या दिवशी नळ बंद केला, टेबलावर टाचण्या लावलेल्या कापडात एक चेन अर्धवट उघडी होती ती ओढून लावली आणि दाराला आतून कडी घातली. भावोजी दूध आणायला बाहेर गेले होते, हे नंतर कळलं.

टेबल तसं जेवणाचं. पण ताईने भरतकामाचं मशीन घेतल्यापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. शेवटी भावोजींनी निर्वाणीचं सांगितलं होतं की घराबाहेरच्या एका तरी माणसाने ताईच्या हातची पर्स विकत घेतली तर मशीन राहील, नाहीतर जाईल. आणि ताईला ती पहिली ऑर्डर मिळाली. दातांच्या दवाखान्यातल्या बाईंना निवृत्त होणाऱ्या मैत्रिणीसाठी छोटीशी पर्स हवी होती, वर निळा खंड्या पक्षी भरलेला. पहिल्या खेपेला चोच वाकडी आली म्हणून ताईने तो पुन्हा भरला. बाई संध्याकाळी न्यायला येणार होत्या.

दुपार कलता कलता मशीनची खडखड थांबली, ताई न्हायला गेली, आणि मी सहज टेबलाशी गेलो. खंड्या गायब! तिथे नुसतं एक पांढरट, दोरे लोंबणारं, कडा ओबडधोबड असलेलं फडकं पडलं होतं. मी त्याने चष्मा पुसला आणि तपासाला लागलो.

पहिला संशय भावोजींवर, कारण त्यांना टेबल हवं होतं. त्यांचे बूटसुद्धा झटकून पाहिले. मग शेजारचं मांजर आठवलं. पक्षी म्हटल्यावर मांजर आलंच. बशीत दूध घालून मी सोफ्याखाली बराच वेळ गोड बोललो. सोफ्याने दाद दिली नाही. राहता राहिली आई. सकाळपासून ती गप्प होती, आणि निर्दोष माणूस आमच्या घरात इतका वेळ गप्प बसत नाही. विचारल्यावर म्हणाली, दाढ दुखतेय. दाढ! दातांचा दवाखाना! कट माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला.

एवढ्यात ताई केस पुसत आली. म्हणाली, "माझ्या पर्सने चष्मा काय पुसतोस?"

ते फडकं नव्हतं. पर्स अशी उलटीच शिवतात म्हणे, चांगली बाजू आत ठेवून. खंड्या आतच होता. आता चेनमधून हात घालून पर्स सुलट केली की झालं. ताईने चेन चाचपली आणि तिचा चेहरा पडला. चेन पूर्ण बंद होती आणि तिची कडी आतल्या बाजूला. तेवढ्यात बेल वाजली. भावोजींनी दार उघडलं, तर पर्स न्यायला आलेल्या बाईच.

"मी अर्धी उघडी ठेवली होती रे," ताई म्हणाली. "आता उसवायची म्हटली तर कड कापून झालीये, पुन्हा शिवायला कापडच उरलं नाही."

मी उभा राहिलो. हाच माझा क्षण होता.

"गुन्हेगार घरातलाच आहे," मी म्हणालो. "त्याला उघडी वस्तू बघवत नाही. दिवसभर त्याला दुसरा उद्योग नाही. आणि शिवणातलं त्याला ओ की ठो कळत नाही."

आई गालावरचा हात न काढता म्हणाली, "नाव पण सांग की."

मी बसलो.

भावोजींनी पर्स मागून घेतली. त्यांच्या ऑफिसच्या बॅगेची चेन रोज अडते. त्यांनी कापडावरूनच कडी चिमटीत धरली आणि नखाने रेटत रेटत मागे सारली. ताईने आत बोट घातलं. आधी चोच बाहेर आली, सरळ, मग अख्खा निळा खंड्या. दारातल्या बाई बघतच राहिल्या. दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी अशाच पर्स हव्यात म्हणाल्या.

रात्री आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. भावोजी आमटी सांभाळत चक्क हसत होते. हे प्रकरण मी तिथेच बंद करणार होतो, पण घरातली कुठलीही वस्तू बंद करायची मला आता मनाई आहे. म्हणून अर्धवट उघडं ठेवलंय.